सुटीच्या दिवशी समुद्र पाहायला येणाऱ्यांच्या वतीने

महाराष्ट्रातील सागरी उद्याने, मत्स्यालये व जलक्रीडास्थळे चालविणारे आणि नव्याने उभारू पाहणारे सर्व व्यवस्थापक व अधिकारी यांस,



हे पत्र मी जालना जिल्ह्यातील अंबड येथून लिहीत आहे. आपल्या बहुतेकांच्या आस्थापना समुद्रकाठी किंवा मोठ्या शहरांच्या वेशीवर आहेत, आणि आमच्या जिल्ह्याला समुद्र कोठूनही लागत नाही. दक्षिणेच्या हद्दीवरून गोदावरी वाहते, मधल्या मुलखातून दुधना आणि कुंडलिका जातात, उत्तरेच्या अंगाला पूर्णा आहे. आणि इतक्या नद्यांची नावे घेता येत असूनही वैशाखात आमच्या कित्येक गावांचे डोळे टँकरच्या वाटेकडे लागलेले असतात. अंबडची ग्रामदेवता मत्स्योदरी. तिच्या टेकडीचा आकार माशासारखा आहे असे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते, आणि नवरात्रात तेथे पंचक्रोशीची यात्रा भरते. परंतु त्या यात्रेत पाळण्यात बसणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांनी समुद्रातला मासा जिवंत पाहिलेला असतो. पैठणचा नाथसागर हाच त्यांचा समुद्र, कारण ज्याचा पैलतीर दिसत नाही असे दुसरे पाणी त्यांनी पाहिलेले नसते. अशा मुलखातील माणूस आपल्या उद्यानाच्या दाराशी येतो तेव्हा तो केवळ करमणुकीसाठी येत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे, म्हणजे पुढील मजकूर वाचताना आपला गैरसमज होणार नाही.

आम्ही सुटीतच का येतो, हेही सांगितले पाहिजे. मुलांच्या शाळा सुटतात त्या दिवाळीत आणि मे महिन्यात. सोयाबीन विकून चार पैसे हाती येतात तेही दिवाळीच्या आगेमागे. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत पाळीवर राबणाऱ्याला सलग रजा मिळते ती सणालाच. आणि उन्हाळ्यात नांगरट उरकल्यावर शेतकऱ्याला जी थोडी सवड लाभते ती मृग लागताच संपते. म्हणजे आपण ज्याला गर्दीचा हंगाम समजता, तो आमच्या वर्षातील एकुलता एक मोकळा काळ होय. ज्याला आठवड्याच्या मध्ये, रिकाम्या दिवशी येणे शक्य आहे त्याच्यासाठी आपण सवलतीचे दर ठेवता, आणि ज्याला ते शक्यच नाही त्याच्याकडून सुटीचा वाढीव दर घेता. व्यापाराच्या दृष्टीने या आकारणीचे समर्थन करता येईल. पण ज्या दिवशी दर चढतो नेमक्या त्याच दिवशी पाहणाऱ्याच्या पदरात पडते ते घटते, याचे समर्थन कोणत्या हिशेबाने करावे, हे मला समजलेले नाही, आणि माझ्या साऱ्या तक्रारींचे मूळ येथेच आहे.

दिवाळीच्या सुटीत आमचे सारे कुटुंब, म्हणजे म्हातारे आईवडील, भाऊ-भावजया, बहीण आणि पाच-सहा मुले, क्रूझर गाडी ठरवून, रात्रभराचा प्रवास करून अशाच एका सागरी उद्यानात गेले. त्याचे नाव मी येथे घेत नाही. माझी फिर्याद एका आस्थापनेविरुद्ध नाही, तर जिकडेतिकडे रूढ होत चाललेल्या एका वहिवाटीविरुद्ध आहे. दरवाजाशी पोचलो तेव्हा सकाळचे ऊन कोवळे होते आणि आत पाऊल पडले तेव्हा ते डोक्यावर आले होते. त्या मधल्या वेळात रांगेवर कोठे छप्पर नव्हते, बसायला बाक नव्हता, आणि आतमध्ये किती माणसे आहेत, आणखी किती घेतली जाणार आहेत, आमचा क्रम केव्हा लागेल, हे सांगणारा एकही इसम तेथे हजर नव्हता. तिकिटांची खिडकी मात्र अखंड चालू होती. जागा किती आणि माणसे किती यांचा मेळ न घालता पैसे वसूल करीत राहणे, हा आपल्याकडील सुटीच्या कारभाराचा मुख्य दोष आहे, आणि इतर बहुतेक दोष त्याच्यापासूनच निघतात.

याच रांगेशेजारी दुसरी एक रांग होती. जादा रक्कम भरणाऱ्यांना तिच्यातून थेट आत सोडत होते. आमच्यातील सर्वांत धाकट्या मुलाने, ते लोक आपल्या मागून येऊन पुढे कसे गेले, असे आपल्या आजोबांना विचारले, आणि ज्या आजोबांनी आयुष्यभर त्याला व त्याच्या बापाला रांगेची शिस्त शिकविली त्यांना उत्तर देता आले नाही. खर्चाची तोंडमिळवणी आपल्याला करावी लागते हे मी जाणतो. अधिक पैसे देणाऱ्याला बसायला गादीची खुर्ची द्या, जेवायला वेगळे दालन द्या, गाडी उभी करायला सावलीची जागा द्या; परंतु मुलांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याची पाळी विकू नका. मुले मासे पाहून जे शिकायचे ते शिकतीलच, पण त्याआधी दाराशी ती हे शिकून आत जातात.

दाराशी पिशव्या तपासल्या गेल्या आणि दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, इतकेच नव्हे तर पिण्याच्या पाण्याच्या बाटल्याही बाहेर ठेवण्याचा हुकूम झाला. स्वच्छतेसाठी हा नियम आहे असे सांगण्यात आले. नियमाचा हेतू मला मान्य आहे. पण आत मिळणाऱ्या पदार्थांच्या कागदी बशा आणि प्लास्टिकचे पेले जेथे तेथे पडलेले मी पाहिले, त्यामुळे त्या हेतूविषयी माझी खात्री पटली नाही. मधुमेही वृद्धाला ठरल्या वेळी औषधाबरोबर भाकरीचा तुकडा लागतो, आणि तो मैद्याच्या पावाने भागत नाही. माझी विनंती इतकीच आहे, की उद्यानाच्या एका कोपऱ्यात पत्र्याची का होईना एक पडवी असावी, तेथे घरची शिदोरी सोडून खाण्याची मुभा असावी, आणि पिण्याचे पाणी सर्वांना मोफत व सहज मिळावे. ज्या जिल्ह्यात माणसे अनेक दिवसांआड येणारे नळाचे पाणी जपून वापरतात तेथून आलेल्या माणसाला, डोळ्यांसमोर पाण्याचे एवढे तलाव भरलेले असताना घोटभर पाणी विकत घ्यावे लागते तेव्हा जे वाटते ते मी शब्दांत मांडू शकत नाही.

आता स्त्रियांविषयी. पाण्यात उतरण्यासाठी ठराविक कापडाचाच पोशाख लागतो, सुती कपड्यांचे धागे गाळणयंत्रात अडकतात, हे कारण मला पटते. परंतु माझी आई आणि मोठी भावजय पाण्यात उतरणार नव्हत्या. दिवसभर त्या काठावर मुलांचे कपडे सांभाळीत बसल्या, तरी त्यांचे शुल्क पूर्ण आकारले गेले. केवळ पाहायला, सोबतीला किंवा लेकरे सांभाळायला येणाऱ्यांसाठी वेगळे, कमी दराचे प्रवेशपत्र का असू नये? आणि ज्या काठावर त्या बसतात तेथे सावली का असू नये? स्वच्छतागृहांबद्दल मी विस्तार करीत नाही. सुटीच्या दिवशी दुपारनंतर त्यांची जी अवस्था होते ती आपण स्वतः जाऊन पाहावी.

यापेक्षा मोठी गोष्ट त्या काचेच्या बोगद्याची आहे. त्याच्यासाठी आम्ही इतक्या लांबून आलो होतो. डोक्यावर पाणी, दोन्ही बाजूंना पाणी, आणि त्या निळ्या उजेडात रुंद पंखांचा एक पाकट मासा संथपणे तरंगत वरून गेला, तेव्हा माझी आई जागच्या जागी उभी राहिली. तिचे वय सत्तरीपलीकडचे आहे. चौथीपर्यंत शाळा शिकलेली, शेतात राबून चार मुलांना वाढविलेली ही बाई कोणत्याही गोष्टीपाशी इतकी स्तब्ध होऊन उभी राहिलेली मी क्वचितच पाहिली आहे. तेवढ्यात शिट्टी वाजली. ‘चला, चला, थांबू नका’ असे ओरडत रखवालदार आला आणि मागच्या लोंढ्याने आम्हांला पुढे ढकलले. तो मासा परत फिरून आला तेव्हा आम्ही बाहेरच्या दुकानात पोचलो होतो. त्या रखवालदाराचा दोष मी मानीत नाही. दोनशे माणसांच्या जागेत हजार माणसे कोंबून त्यांना पुढे रेटण्याचे काम ज्याच्यावर सोपविले आहे त्याने दुसरे काय करावे? दोष त्या मोजणीचा आहे, जी तिकिटांच्या खिडकीवर व्हायला हवी होती आणि झाली नाही.

म्हणून माझी पहिली व प्रमुख मागणी अशी, की प्रत्येक तासाला किती जणांना आत सोडायचे याची मर्यादा ठरवावी, ती दारावर ठळक अक्षरांत लिहावी, तिकिटावर वेळ छापावी, आणि मर्यादा पुरी झाली की खिडकी बंद करावी. देवस्थानांनी दर्शनासाठी वेळेचे पास देण्याची पद्धत केव्हाच अंगीकारली आहे. देवाच्या दारी जी तजवीज होऊ शकते ती माशांच्या दारी होऊ शकणार नाही असे मला वाटत नाही. कोणता विभाग दुरुस्तीसाठी बंद आहे, कोणते पाळणे आज चालणार नाहीत, हे पैसे घेण्यापूर्वी सांगावे. परत जावे लागले तरी चालेल. बाहेर दोन तास झाडाखाली बसून राहू. पण आत गेल्यावर एका माशापुढे एक माणूस मनसोक्त उभा राहू शकेल एवढी जागा आणि एवढा अवधी त्याच्या तिकिटात असलाच पाहिजे.

माशांच्या टाक्यांवरच्या पाट्यांविषयीही लिहिल्यावाचून राहवत नाही. बहुतेक पाट्या इंग्रजीत होत्या, आणि त्यांवर माशाचे नाव व दूरच्या एखाद्या महासागराचे नाव याखेरीज मजकूर नव्हता. तो काय खातो, किती जगतो, आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर सापडतो की नाही, कोळी त्याला कोणत्या हंगामात धरतात, धरतात की सोडून देतात, यांपैकी काहीही नाही. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने रुपेरी पापलेट हा राज्यमासा म्हणून घोषित केला. माझ्या पुतणीने ते शाळेत पाठ केले होते, आणि प्रत्येक टाकीपाशी ती त्यालाच शोधीत होती. तो तेथे नव्हता, आणि तो येथे का नाही हे सांगणारी पाटीही नव्हती. पापलेट टाकीत जगविणे अवघड असेल तर तसे लिहा. तेही मुलांना समजेल, आणि समुद्रातील प्रत्येक जीव काचेमागे मावत नाही ही जाणीव त्यांना लहानपणीच होईल. सुरमई, बांगडा, हलवा, घोळ ही नावे ज्या मुलखाच्या रोजच्या बोलण्यात आहेत, त्या मुलखातील मत्स्यालयात मुलांना या नावांचे धनी भेटू नयेत, ही मोठी उणीव आहे. पाट्या मराठीत असाव्यात, अक्षर मोठे असावे; आणि सुटीच्या दिवसांत तरी कोळी, गाबीत, भोई समाजांतील दोन-चार जाणत्या स्त्री-पुरुषांना मानधन देऊन टाक्यांपाशी उभे करावे. त्यांच्याइतके माशांविषयी सांगू शकणारे आपल्याला दुसरीकडे मिळणार नाहीत.

याउलट जे तेथे विपुल होते ते म्हणजे ध्वनिक्षेपक. टाक्यांच्या दालनातही सिनेमाची गाणी मोठ्याने वाजत होती, माणसे काचेवर बोटे आपटीत होती, भ्रमणध्वनीचे झगझगीत दिवे माशांच्या डोळ्यांवर पडत होते, आणि त्यांना अडविणारे कोणी नव्हते. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली एक संवेदनरेषा असते, आणि पाण्यातील अत्यंत सूक्ष्म हालचालही तिच्यामुळे त्याला कळते. काचेवर मारलेली टिचकी आणि भिंतीला लावलेला कर्णा त्याच्या अंगावर आदळत असतो. हे आपल्या पशुवैद्यांना ठाऊक असणारच. मग ते प्रेक्षकांना का सांगितले जात नाही? बाहेर पडण्याच्या वाटेवरील दुकानात प्रवाळाचे तुकडे आणि वाळविलेले समुद्रघोडे मांडलेले कोठेकोठे दिसतात. २००१ पासून प्रवाळभिंती बांधणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आश्रयाखाली आले आहेत, हे मुलांना सांगण्याचे काम ज्या स्थळाचे, त्याच्याच दारात असा माल असू नये.

आपण म्हणाल की खाजगी व्यवसायाकडून एवढ्या अपेक्षा करणे योग्य नाही. यासाठीच मी हे पत्र शासकीय अधिकाऱ्यांनाही उद्देशून लिहिले आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले, तेव्हा आमचा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता; १९५६ साली तो मुंबई राज्यात आला, आणि त्यानंतर मराठवाड्यातील शाळांच्या ज्या सहली मुंबईला गेल्या त्यांच्यासाठी राणीचा बाग आणि तारापोरवाला ही दोन ठिकाणे ठरलेली असत. सरकारी मत्स्यालय असल्याने ते गरिबाच्या आटोक्यात होते. २०१५ साली नूतनीकरण होऊन त्यात पारदर्शक बोगदा आला. २०२० साली करोनाच्या साथीत ते बंद झाले, आणि साथ ओसरल्यावरही त्याचे दार वर्षानुवर्षे उघडले नाही. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला वंदे भारत गाडी सुरू झाली. मुंबई आम्हांला जवळ आली, आणि जे मुलांना दाखवायचे ते मात्र कुलपाआड राहिले. अशा मत्स्यालयाची नवी इमारत उभारायची ती भव्य असो वा साधी, पण तिच्यात शिरायला लागणारे शुल्क शेतमजुराच्या कुटुंबालाही परवडावे, हा आग्रह मी शासनाकडे धरतो. रत्नागिरीला झाडगाव येथे कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचे मत्स्यालय आहे, तेथे देवमाशाचा प्रचंड सांगाडा ठेवलेला आहे. त्या सांगाड्यापुढे उभे राहिलेल्या मुलाला समुद्राच्या विस्ताराची जी कल्पना येते, ती घसरगुंड्यांच्या दहा मजली मनोऱ्यावरून येणार नाही.

आणि गर्दीचा बंदोबस्त कसा करावा, हे पाहायचे असेल तर आपण मंडणगड तालुक्यातील वेळास गावी जावे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तेथील गावकऱ्यांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले सकाळी आणि सायंकाळी सोडली जातात, लोक दोरीच्या मागे उभे राहतात, गावकरी माहिती देतात, आणि त्यांच्याच घरांत पाहुण्यांची जेवणा-राहण्याची सोय होते. कधी पिल्ले निघतच नाहीत. तेव्हा ती आज निघाली नाहीत एवढे सांगितले जाते, आणि लोक दुसऱ्या दिवसाची वाट पाहतात. त्या एवढ्याशा गावाला जे जमले ते आपल्या साधनसंपन्न आस्थापनांना का जमू नये?

शेवटी, नव्याने उद्याने उभारू पाहणाऱ्यांस दोन गोष्टी निक्षून सांगावयाच्या आहेत. मालवण तालुक्यात वायंगणी-तोंडवळी परिसरात ‘सी वर्ल्ड’ या नावाने एक विशाल प्रकल्प योजला गेला आणि जमिनींच्या प्रश्नावरून तेथील ग्रामस्थांनी त्याला विरोध केला, हे सर्वश्रुत आहे. आमच्यासारख्यांच्या एका दिवसाच्या आनंदाकरिता कोणाच्या बागा आणि घरे जावीत अशी आमची मुळीच इच्छा नाही. आमचे नाव पुढे करून तसे कोणी करू नये. दुसरी गोष्ट डॉल्फिनची. परदेशांतून आणलेल्या डॉल्फिनांचे खेळ चेन्नईजवळ १९९८ च्या सुमारास सुरू झाले आणि ते मुके जीव काही महिन्यांतच दगावले. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३ मध्ये देशात डॉल्फिनगृहांना परवानगी देऊ नये असे राज्यांना कळविले, आणि अमेरिकेतील सीवर्ल्ड कंपनीनेही २०१६ साली आपल्याकडील ऑर्का जातीच्या डॉल्फिनांची पैदास थांबविल्याचे जाहीर केले. पर्यटन वाढविण्याच्या नावाखाली हा निर्बंध सैल करण्याची दरखास्त कोणी आणली, तर ती नामंजूर व्हावी. आमची मुले डॉल्फिनला चेंडू उडविताना पाहिल्यावाचून मोठी होऊ शकतात. होडीत बसून, यंत्र बंद करून, दूर अंतरावर त्याची पाठ एकदा पाण्यावर आलेली त्यांना दिसली तरी पुरे, आणि नाही दिसली तरी हरकत नाही. मात्र तिकिटाची भरपाई म्हणून होड्यांनी त्याचा पाठलाग करू नये.

आणखी एक विनंती, जी कदाचित आपल्याला किरकोळ वाटेल. आपल्या मत्स्यालयांत ॲमेझॉनचे मासे असतात, आफ्रिकेच्या सरोवरांतले असतात. त्यांच्या शेजारी एक टाकी गोदावरीची ठेवावी. रोहू, कटला, मरळ, वाम, शिंगाळा हे मासे दुर्मिळ नाहीत, रंगीतही नाहीत, आणि ते पाहण्यासाठी कोणी वेगळे शुल्क देणार नाही. तरी ती टाकी असावी, आणि तिच्यावर पैठणचा, शहागडचा, आमच्या जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांचा नामनिर्देश असावा. मराठवाड्यातून आलेल्या मुलाला समुद्राच्या त्या अनोळखी दालनांतून हिंडताना आपल्याकडचे पाणीही शेवटी समुद्रालाच मिळते, राजमहेंद्रीच्या खाली फाटे फुटून बंगालच्या उपसागरात जाते, हे नकाशावर बोट ठेवून दाखविता येईल, आणि दाखविणाऱ्या आजीलाही त्या दिवशी तेथे सांगण्यासारखे काही असेल. या टाकीसाठी लागणाऱ्या माहितीचे मराठी टिपण तयार करून देण्यास मी व माझ्या ओळखीचे काही शिक्षक विनामोबदला तयार आहोत. उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी कळविल्यास बरे होईल, कारण त्या सुटीत आमच्याकडून पुन्हा गाड्या निघतील.



आपला विश्वासू,
एक पालक
अंबड, जि. जालना